एकूण पाने

१

मला वाटलं होतं, जगन्नाथ काकांच्या घरी एक पुस्तक माझी वाट बघत असेल. तिथे होत्या बारा रिकाम्या फ्रेम्स.

सोनेरी कडांच्या, एकसारख्या, भिंतीला टेकवून ओळीने उभ्या. प्रत्येकीवर पिवळी चिठ्ठी आणि सुलभा काकूंचं गोल अक्षर: मेष, गद्रे. वृषभ, पंडितराव. मिथुन, डॉ. नीना. पुस्तक मात्र कोपऱ्यात, मायक्रोवेव्हच्या जुन्या खोक्यात होतं, आणि त्यावर मोजमापाची टेप ठेवली होती.

मी टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये जन्मले आणि अठराव्या वर्षी तिथून पळाले. पुण्यात इतिहास शिकले, मोडी आणि फारसी शिकले, मग लंडनला चार वर्षं जुन्या हस्तलिखितांची दुरुस्ती शिकले. तिथल्या एका कपाटात नुसती सुटी पानं असत. व्यापाऱ्यांनी पुस्तकं कापून एकेक चित्र वेगळं विकलेलं. एखादं पान हातात घेतलं की शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, आणि उरलेलं अर्धं जगात कुठल्या भिंतीवर टांगलंय ते कुणालाच माहीत नसायचं. त्या व्यापाऱ्यांना मी भर वर्गात कसाई म्हणायचे.

काकांचा मेल आला होता, 'आमच्याकडे एक पर्शियन पंचांग आहे, राशींच्या चित्रांचं. तू येऊन सांभाळ.' या 'सांभाळ'वर मी लंडनची नोकरी सोडली. ज्या गावाने मला गणिताचे क्लास आणि गॅरेज सेल यांपलीकडे काही दाखवलं नाही, त्या गावाला मी काहीतरी दाखवणार होते.

"काका, हे पुस्तक आहे," मी म्हटलं.

"मग मी कुठे म्हणतो टोस्टर आहे?" काका तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायची त्यांना सवय. "पण खोक्यात पडून कोण बघतं ते? दसऱ्याला मंडळाच्या नव्या बिल्डिंगचं ओपनिंग आहे. बारा फाउंडर फॅमिलीज, बारा राशी. ज्याची जी रास, त्याला ते पान. तू फक्त कंडिशन रिपोर्ट दे आणि सही कर. एक्सपर्टची सही नसली तर गद्रे म्हणणार, जगन्नाथने कलर प्रिंट काढून दिली."

"राशींची पानं कापली की मागची शिवण सुटेल. सगळंच जाईल. आणि हे पंचांग नाहीये. कुणाच्या तरी जन्माचं पुस्तक आहे."

"कुणाच्या?"

"ते शोधावं लागेल."

काकांनी टेप गुंडाळली. "हे बघ हिमानी. हे एकाच माणसाचं पुस्तक आहे असं तू सिद्ध केलंस, त्याचं नाव आणलंस, तर मी नाही कापणार. शब्द. नाहीतर सुट्या चित्रांचा आल्बम म्हणून सही करायची. पंधरा दिवस."

मी हात पुढे केला. काकांनी गमतीने, पण घट्ट, हात मिळवला.

२

काम करायला त्यांनी वरच्या मजल्यावरची मीडिया रूम दिली. खिडकी नाही, जाड गालिचा, सिनेमा बघायच्या सहा खुर्च्या भिंतीकडे सरकवलेल्या. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये कागद पापडासारखा सादळतो, म्हणून हवा कोरडी करायचं एक मशीन दिवसभर घुमत असे. दर वीस मिनिटांनी ते खट् करून बंद पडायचं, मिनिटभर शांतता, की पुन्हा सुरू.

पहिल्या दिवशी काकू फोटो काढायला आल्या. "हातमोजे घाल गं, पांढरे. टीव्हीवर घालतात तसे."

"नको काकू. धुतलेला कोरडा हातच बरा. पानाची कड बोटाला कळते."

"बघ बाई. डाग पडला तर काका मला बोलतील."

आधी बारा राशी. मग दोन पानांवर पसरलेली जन्मकुंडली, आणि तिच्या घरांत ग्रह माणसांसारखे बसलेले. चंद्र म्हणजे सोन्याची थाळी तोंडासमोर धरलेली बाई. मंगळाच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात कापलेलं मुंडकं. बुध मांडीवर कागद घेऊन लिहितोय. शनी मात्र सगळ्यांहून वेगळा: काळा, हाडकुळा म्हातारा, कमरेला नुसतं धोतर. मी काकांना सांगितलं, इराणी चित्रकार शनीला हिंदुस्थानातला म्हातारा म्हणूनच रंगवत. तिकडे त्याला आकाशातला हिंदू म्हणत.

"म्हणजे आपलाच माणूस!" काका खूश झाले. "बघ सुलभा, पाचशे वर्षांपूर्वी आपण तिकडे व्हिसाशिवाय."

कुंडलीवर नावासाठी सोनेरी चौकट होती. कोरी.

त्यापुढे आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक पान. वर त्या वर्षाची लहान कुंडली, खाली बोटभर चित्र. पाळणा. अंगण. छपरावर अडकलेली खुर्ची आणि खाली पाण्यात बुडालेली गल्ली. पेटी घेऊन निघालेलं माणूस. प्रत्येक पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला. बांधणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून ही सोय. मी तो शब्द वाचायचे, पान उलटायचे, आणि पुढे तोच शब्द असायचा. एकही पान गहाळ नव्हतं. सुटी चित्रं नव्हती ती.

सत्ताविसाव्या पानानंतर मात्र सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं. काका माझ्या खांद्यावरून डोकावले. "पाइपची भिंत बघून मी मिलिमीटर सांगायचो. चार-पाच पानं असतील. फार तर सहा."

"असं डोळ्यांनी नाही सांगत. कड भिंगाखाली धरून मोजतात."

"मोज मग."

रिपोर्टच्या फॉर्मवर 'एकूण पाने' अशी चौकट असते. मी पेन्सिलीने बाजूला लिहिलं, वर्षांची मोकळी पाने सत्तावीस. चिकटलेली: मोजायची आहेत.

३

शुक्रवारी माझा वाढदिवस होता. आईने शनिवारच्या नारळी पौर्णिमेचा नारळी भात एक दिवस आधीच केला आणि फोनवर तीन मावश्यांना सांगितलं की हिमानी आता इथेच राहणार आहे. मी दोन वाट्या खाल्ल्या. सत्तावीस पूर्ण झाली.

सोमवारी नेहमीसारखं पुस्तक उशीवर ठेवलं, पानं मोजली. अठ्ठावीस निघाली.

पुन्हा मोजली. अठ्ठावीस.

माझीच चूक, हे पहिलं मनात आलं. दुसरं, दोन दिवस मशीन चालू होतं, कोरड्या हवेने एक पान आपोआप सुटलं असणार. असं होतं. मी फॉर्मवरचा आकडा खोडला, नवा लिहिला, बाजूला आद्याक्षरं घातली. कामाची शिस्त असते, आणि शिस्त फार गोष्टी झाकून घेते.

सुटलेल्या पानावरचं चित्र साधं होतं. बिनखिडकीची खोली, मधोमध टेबल, भिंतीला टेकवलेल्या काही सोनेरी चौकटी. खोलीत कुणी नव्हतं. इतर सत्तावीस चित्रांत कुणी ना कुणी होतं, हे मी नोंदवलं. चौकटी किती ते नोंदवलं नाही.

४

जन्मकुंडलीवरून तारीख काढता येते. ग्रह कुठे आहेत ते संगणकाला सांगायचं, आकाश तसं कधी होतं ते तो शोधतो. शनी आणि गुरू वर्ष सांगतात, चंद्र दिवस सांगतो. त्यांचं राशींचं गणित आपल्यापेक्षा चोवीस अंशांनी पुढे असतं, तेवढा फरक धरायचा. तारीख मिळाली की त्या दिवशी जन्मलेला राजपुत्र इतिहासात शोधायचा. मग नाव. मग काकांचा शब्द.

मी सन १३५० ते १६५० असं घातलं. एकही तारीख आली नाही.

चित्रकाराची चूक, म्हणून मी बुधाला ढील दिली. नाही. शुक्रालाही दिली. नाही. वैतागून सगळं पुसलं, मूळचं पुन्हा भरलं आणि शोध सुरू केला. शेवटचं वर्ष घालायचं राहिलं.

एकच तारीख आली. आठ ऑगस्ट १९९८.

मी हसले. खरंच हसले, मोठ्याने, त्या गालिच्यावाल्या खोलीत, आणि मशीन त्याच वेळी खट् करून थांबलं. माझं हसू माझ्याच कानांना परकं वाटलं.

फोनमध्ये माझ्या पत्रिकेचा फोटो आहे. आईने दोन वर्षांपूर्वी सगळ्या जगाला पाठवला होता तो. चोवीस अंश वळते करून मी एकेक घर ताडून पाहिलं. शनी जुळला, गुरू जुळला, चंद्र जुळला. पण लग्न जुळलं नाही. माझं वृश्चिक, पुस्तकातलं एक घर मागे, तूळ. दिवस माझा होता, वेळ माझी नव्हती. त्या दिवशी जगात लाखो मुलं जन्मली असतील. मला इतकं हायसं वाटलं की मी खाली जाऊन काकूंबरोबर चकल्या तळल्या.

"वर उंदीर आहे का हो काकू? मशीन थांबलं की काहीतरी कुरतडल्यासारखं वाजतं."

"उंदीर? या सबडिव्हिजनमध्ये? हळू बोल, शेजारच्या सुवर्णाने ऐकलं तर सोसायटीच्या कमिटीपर्यंत जाईल."

पण तो आवाज कुरतडण्याचा नव्हता. पुण्यात मोडी शिकताना आम्ही बोरूने लिहायचो. दोन फराटे, मग थांबून बोरू शाईत बुडवायचा, पुन्हा दोन फराटे. मी तो आवाज ओळखत होते, म्हणूनच उंदीर म्हटलं.

५

बुधवारी आईबरोबर गाडीतून येत होते. हायवे सिक्सला ट्रॅफिक तुंबलेलं.

"आई, माझी पत्रिका कुणी केली?"

आईने मान गर्रकन वळवली. "कोण आहे? नाव सांग आधी."

"कुणी नाहीये. सहज विचारतेय."

"सहज कुणी पत्रिका विचारत नाही. मिरजेचे गुरुजी होते, बाबांचे. बाबांनी हॉस्पिटलमधूनच फोन लावला. दुपारी दोन दहा, मुलगी, म्हणून." तिने हॉर्न वाजवला, कुणासाठी ते कळलं नाही. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आता विचारलंसच तर सांगते. ती चुकलीये."

"काय चुकलीये?"

"वेळ. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात ना, ते गुरुजींना कसं ठाऊक असणार? आणि बाबा सांगायला विसरले. इंजिनिअर माणूस! मागच्या वर्षी त्यांनीच कॉम्प्युटरवर करून बघितली, तर लग्न एक घर मागे गेलं. आठवा मंगळ नववा झाला. म्हणजे तुला मंगळ नाहीच. आणि त्यावरून दोन स्थळांनी नाही म्हटलं होतं! बाबा म्हणाले, आता गप्प बस, लोक हसतील." ती थांबली. "तुला राग आला का गं? एवढी पांढरी का पडलीस? एसी वाढवू?"

"तूळ," मी म्हटलं.

"हो, तूळ. तुला कुणी सांगितलं?"

६

बुद्धी शेवटपर्यंत हात-पाय मारते. गुरुवारी मी ठरवलं, हे बनावट आहे. कुणीतरी १९९८ नंतर जुन्या कागदावर रंगवलंय. पण मग माझ्या जन्माची वेळ कुणाला ठाऊक होती? तो विचार मी बाजूला सारला. एका वेळी एक प्रश्न.

दुपारी काकू आल्बम घेऊन वर आल्या, ओपनिंगच्या स्लाइड-शोसाठी. काकांची चाळिशी. कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख, १९९१. काका मिशांत हसतायत आणि हातात पुस्तक, त्या कुंडलीच्या पानांवर उघडलेलं. कोरी चौकट स्पष्ट दिसत होती.

काका मागून आले. "तेव्हा नुकतंच घेतलं होतं. एक म्हातारा अमेरिकन वारला, त्याच्या घरच्या सेलमध्ये. इराणात अबादानला होता तो, तेलाच्या रिफायनरीत. आणि गंमत सांगू? तेव्हा राशी आणि ही कुंडली एवढंच उघडायचं. मागचं सगळं घट्ट, विटेसारखं. मग सुटत गेली पानं."

"कधी?"

"अशीच. बरीच वर्षं काही नाही, मग एक. मग वर्षाला एखादं. हवा कोरडी ना घरातली."

ती दोघं खाली गेली. आभाळ गडगडायला लागलं, दिवे एकदा मिचकावले आणि मशीन बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

मी अकरावं पान उघडलं. पाण्यातली गल्ली, छपरावरची खुर्ची. मी दहा वर्षांची होते तेव्हाच्या वादळानंतर आमच्या छपरावर शेजाऱ्यांची बागेतली खुर्ची अडकली होती. बाबा शिडी लावून चढले होते. मला हे पहिल्या दिवशी आठवायला हवं होतं.

मग आवाज सुरू झाला. दोन फराटे. विराम. दोन फराटे. भिंतीतून नाही, छतातून नाही. माझ्या मागून, खुर्च्या सरकवून ठेवल्या होत्या त्या बाजूने, एखादा माणूस बसला तर त्याच्या मांडीच्या उंचीवरून.

मी मागे बघितलं नाही. पानं उलटत सरळ अठ्ठाविसाव्यावर आले.

खोली तीच. चौकटी बारा. टेबलाशी आता एक बाई वाकून बसली होती, पाठमोरी, आणि तिच्या मागे तो काळा म्हातारा, मांडीवर कागद घेऊन. ते काम शनीचं नव्हे. लिहितो तो बुध. इतकी वर्षं शिकलेलं माझं डोकं त्या क्षणीसुद्धा चित्रकाराची चूक काढत होतं.

बाईसमोर पुस्तक होतं. चित्रकाराने त्या इवल्या पुस्तकाच्या चिकटलेल्या भागाची कडसुद्धा रंगवली होती, केसासारख्या रेघांनी, पानाला एक रेघ, म्हणजे वर्षाला एक. माझा हात भिंगाकडे गेला. वर्षानुवर्षांची सवय. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन.

मी डोळे मिटले. पुढे आणखी रेघा होत्या की तिथेच कड संपत होती, मला माहीत नाही.

आवाज थांबला. पुढचं काही लिहायचं बाकी असावं आणि ते माझ्यावर अडलं असावं, तसा थांबला. दिवे आले, मशीन घुमायला लागलं. माझ्या उजव्या तर्जनीवर काळी शाई होती, ओली. पान धरलं होतं त्याच बोटावर. सादळलेल्या हवेत जुनी शाई सुटते. असं होतं.

मी साबणाने चार वेळा हात धुतले.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओट्याशी उभे राहून डिकॅफ कॉफी पीत होते. मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला.

"नाव मिळालं?"

"नाही."

"तारीख?"

"नाही. वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र बांधलेली आहेत, काका. आल्बम आहे. कापायला हरकत नाही."

काकांनी फॉर्म वाचून काढला. कप सिंकमध्ये ठेवला. "मला वाटलं होतं तू शोधशील. काल रात्री सुलभाला म्हणालोसुद्धा, पोरगी इतकी जीव तोडून सांगतेय, त्या अर्थी असणार काहीतरी. फ्रेमवाल्याला फोन करून थांबवलं होतं मी."

काकूंनी माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि माझ्याकडे न बघता परत गेल्या.

"आणि हे रिकामं ठेवलंस." काकांनी 'एकूण पाने' या चौकटीवर बोट ठेवलं. "एवढं तर मोजायचंस."

फ्रीजवरच्या चुंबकाला दोरीने पेन बांधलेलं होतं, किराणा लिहायचं. ते मी ओढून घेतलं. लंडनच्या त्या कपाटातली पानं मला आठवत होती, आणि वर्गात वापरलेला शब्दही. त्या चौकटीत मी लिहिलं: मोजलेली नाहीत. चिकटलेला भाग जतन करण्याजोगा नाही.

मग खाली, नावासाठी सोडलेल्या कोऱ्या जागेत, माझं नाव लिहिलं.